एकवीस मंगळवार आणि माझं पोट

सकाळी बाथरूममध्ये पाऊण तास बसल्यावर मी एकच गोष्ट बघायचे, रक्त दिसतंय का. कधीच दिसलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भीतीनं पुन्हा बघायचे. मावशीचंही असंच सुरू झालं होतं. आधी पोट साफ होईना, मग फुगायला लागलं. आतड्याच्या कॅन्सरचं नाव घरात कुणी मोठ्यानं घेतलं ते ती गेल्यावरच.

माझं पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. दुखायचं, दुपारपर्यंत सलवारची नाडी सैल करावी लागायची. मी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसमध्ये पाणीसुद्धा कमी प्यायचे, सारखं उठून जाताना कुणाच्या लक्षात यायला नको म्हणून.

त्याऐवजी गणपतीला एकवीस मंगळवार बोलले. भीती वाढली तसे गुरुवारही जोडले. आईला वाटलं, पोरगी लग्नासाठी करतेय. ती खूश होऊन दोन्ही दिवस डब्यात साबुदाण्याची खिचडी द्यायला लागली.

एकदा तीन दिवस पोट सलग दुखलं, तेव्हा एकटीच डॉक्टरकडे गेले. आम्ही कात्रजला राहतो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबचा दवाखाना शोधला. डॉक्टर साठीच्या बाई होत्या. त्यांनी पोट तपासलं, वजन केलं, घरात कुणाला काय झालं होतं ते विचारलं. मावशीचं मी एका वाक्यात सांगून टाकलं. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि महिनाभर वही ठेवायला सांगितली. डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे पोट कसं होतं.

महिन्यानं रिपोर्टचं पाकीट न उघडताच त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी वही उघडली. शाळेपासूनच्या सवयीनं सगळं इंग्रजीत लिहिलेलं. मंगळवारी आणि गुरुवारी मात्र डावीकडे एकच मराठी शब्द होता.

"उपवास म्हणजे? हवा खाल्लीस?"

"नाही, खिचडी. संध्याकाळी बटाट्याचा कीस."

"मग लिहिलं का नाहीस?"

आमच्याकडे उपवासाचं खाणं कुणी खाण्यात धरतच नाही.

"आता बुधवारी आणि शुक्रवारी उजवीकडे काय लिहिलंयस ते वाच."

मी वाचलं. सगळे बुधवार, सगळे शुक्रवार वाईट.

"ना भाजी, ना भाकरी, ना पाणी. उपास देवाचा आणि शिक्षा आतड्यांना," त्या म्हणाल्या आणि मग पाकीट उघडलं.

रिपोर्ट चांगले होते. हा आयबीएस, म्हणजे आतड्यांच्या कामातला बिघाड, त्यातला बद्धकोष्ठतेचा प्रकार. मावशीमुळे पुढे कधी दुर्बिणीची तपासणी करायची का ते बघू, आज तशी एकही खूण नाही. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. भाज्या-फळं हळूहळू वाढवायची, एकदम नाही. रोज चालायचं. सकाळी ठरलेल्या वेळी बसायचं, पायाखाली पाट घेऊन, आणि दहा मिनिटांत उठायचं.

बाहेर आल्यावर हलकं वाटायला हवं होतं. पण चौदा मंगळवार झाले होते, सात उरले होते. मध्येच सोडले आणि मग खरंच काही निघालं तर?

पुढच्या मंगळवारी आई डबा भरत होती. मी तिला सगळं सांगितलं. मावशीमुळे बसलेली भीतीही.

तिनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझी मावशी वर्षभर डॉक्टरकडे गेलीच नाही. लाजायची. मलासुद्धा शेवटी सांगितलं." तिनं खिचडीवर झाकण ठेवलं, ज्वारीचं पीठ परातीत घेतलं. "आणि मी इकडे तुझ्यासाठी मुलं बघत बसले होते."

"आई, पण बोललेले मंगळवार?"

"उरलेले मी करते. माझं पोट दगड पचवतं."

दुपारी ऑफिसमध्ये डबा उघडला. भाकरी आणि दोडक्याची भाजी. शेजारची म्हणाली, "अगं, आज मंगळवार ना?"

"हो," मी म्हटलं. पहिला घास तोंडात बराच वेळ फिरला. मग मी पाणी प्यायले आणि दुसरा घेतला.