नक्षीचं फोल्डर

भवानी पेठेतल्या त्या चादरींच्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे मागांच्या शेडमध्येच काच लावून काढलेली एक खोली. दुपारी पत्र्याच्या फटींतून ऊन खाली यायचं आणि त्यात सुताचे बारीक तंतू तरंगत राहायचे. पडायचेच नाहीत. मागांची खटखट इतकी एकसारखी की थोड्या वेळानं ती ऐकूच यायची नाही, पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. मी तिथं कॉम्प्युटर सांभाळायचे आणि संध्याकाळी युनियनची पत्रकं लिहायचे. आजही ती खोली आठवली की आधी ते तंतू दिसतात, मग माझी चूक.

खिडकीशी अक्का बसायच्या. चादरींची नक्षी त्याच काढायच्या. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर, एकेक चौकोन भरत. त्यांची फाइल मागाला जायची आणि चादरीवर मोर उतरायचा. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी आणि मोराशी बोलताना दोन्ही.

लॉगिन मात्र सगळ्यांना मिळून एकच होतं. मालकांच्या भाच्याचं. त्याला सगळे धाकटे मालक म्हणायचे आणि कागदावर डिझायनर तोच होता. त्याचा पासवर्ड लाइटच्या बटणांशेजारी भिंतीवर लिहिलेला. ज्याला जे हवं ते त्यानं उघडावं.

मग परदेशातल्या गिऱ्हाइकानं अट घातली. प्रत्येकाला वेगळं लॉगिन हवं, आणि ज्याचं जे काम तेवढंच त्याला उघडावं. मला काय आनंद झाला! अधिकार नात्यावर नाही, कामावर ठरणार. हे तर आमच्या पत्रकातलंच वाक्य. दोन दिवस बसून मी तक्ता केला. डिझायनरला नक्षीचं फोल्डर उघडेल आणि बदलता येईल. स्टोअरवाल्याला सूत दिसेल, नक्षी नाही. हेल्परला फक्त स्वतःची हजेरी. आता कोण काय आहे, हे कुठून घ्यायचं? मी हजेरीपट उचलला. मालक त्यात वाट्टेल ते लिहितात असं मीच पत्रकात छापलं होतं, तोच हजेरीपट. शेडमध्ये जाऊन कोण काय करतं ते बघायला दहा पावलं चालावी लागली असती. मी चालले नाही.

सोमवारी सकाळी मी अक्कांचं नवं लॉगिन उघडून दिलं आणि त्यांनी नक्षीच्या फोल्डरवर क्लिक केलं. ते उघडेना. तुम्हाला परवानगी नाही, एवढंच पडद्यावर.

"पोरी, माजं काय चुकलं का गं?"

मी तक्ता काढला. अक्कांच्या नावापुढं हेल्पर. त्या इथं सुताच्या कांड्या भरायला लागल्या तेव्हा हजेरीपटात जे लिहिलं, ते अठरा वर्षं कुणी खोडलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं कॉम्प्युटरला शिकवलं होतं.

आत फोल्डरमध्ये नवा मोर अर्धाच होता, मान नसलेला. नक्षी विणणारा जॅकार्डचा माग त्याच्यासाठी थांबला आणि दुपारपर्यंत त्याच्या मागचे दोन. खटखटीला भोकं पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाहेरच्या रस्त्यावरचा भाजीवाला आत ऐकू आला.

धाकटे मालक आले. "एवढ्यासाठी काय? माझ्या लॉगिननं बसू दे की अक्काला. इतकी वर्षं तेच चाललंय."

"न्हाय बसत," अक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "नक्षी चुकली की अक्का. बरी आली की धाकटे मालक. मी कांड्या भरते जाऊन. हेल्पर हाय की मी."

आणि त्या खरंच उठल्या. चष्मा डबीत ठेवला, पदर खोचला आणि शेडमध्ये कांड्यांच्या मशीनवर जाऊन बसल्या. काचेतून त्या मला दिसत होत्या, मधे ते तरंगणारे तंतू. ही बाई आता नक्षीला परत हात लावणार नाही, असं मला वाटलं. आणि लावला नाही तर ते माझ्या तक्त्यामुळं.

मालक आले ते थांबलेले माग बघून. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट.

"मग कर की तिला डिझायनर कॉम्प्युटरमध्ये. हजेरीत राहू दे हाय ते."

"नाही करता येणार. गिऱ्हाइकाचा माणूस तपासायला येतो तेव्हा हजेरीपट आणि तक्ता शेजारी ठेवून बघतो. जुळलं नाही तर सगळंच अडतं."

"पत्रकवाली," मालक म्हणाले, "तुझ्या युनियनला अठरा वर्षांत जमलं न्हाय ते ह्या डबड्याकडनं करून घेतीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. भाच्याकडं बघितलं. "तुला येतो का रे मोर?" भाचा फोनमध्ये बघत राहिला. मालकांनी हजेरीपट मागवला, हेल्पर शब्दावर आडवी रेघ मारली, वर डिझायनर लिहिलं आणि सही केली. मग माझ्या तक्त्यावरही. भाच्याच्या नावापुढं काय लिहायचं, ते नंतर बघू म्हणाले.

हजेरीपट घेऊन मी कांड्यांच्या मशीनपाशी गेले. अक्कांनी हात पुसून चष्मा लावला आणि ती ओळ बोट फिरवत वाचली.

"ह्याची झेरॉक्स दे."

झेरॉक्सची घडी चष्म्याच्या डबीत गेली. अक्का खिडकीशी येऊन बसल्या. मी कॉम्प्युटरमध्ये त्यांना डिझायनर करून नवा पासवर्ड टाकायचा चौकोन उघडून दिला आणि सवयीनं शेजारीच उभी राहिले.

त्यांनी की-बोर्डवर पदर धरला.

"तिकडं बघ," म्हणाल्या.

मी शेडकडं तोंड केलं. मागं अक्का की-बोर्डची बटणं हळूहळू दाबत होत्या, मधेच थांबून, तेलुगूत काहीतरी पुटपुटत. बऱ्याच वेळानं, मोराला मान आल्यावर, जॅकार्डचा माग सुरू झाला, मग त्याच्या मागचे दोन, आणि भाजीवाला ऐकू येईनासा झाला. आता वळून बघू का, असं मी विचारलंच नाही.