सत्काराच्या कपाटातलं झाड

गांजाचं झाड घरात लावणं हा गुन्हा आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला समजावायला नको. मला ते ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं आणि मेव्हण्याला तर कलमासकट पाठ होतं. तरी मी ते लावलं. ओढायला नाही. मी आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही. यात चांगुलपणा काही नाही, धुराने मला खोकला येतो.

कारण साधं होतं. मी नोकरीभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. काही वनस्पतींत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, आणि काही झाडांना फुलायला लांब, अखंड रात्र लागते, या दोन्ही धड्यांना आमच्या पुस्तकात याच झाडाचं चित्र होतं. चित्र वाईट होतं. मी फळ्यावर त्याची आणखी वाईट नक्कल काढायचो आणि पोरं ती निष्ठेने वहीत उतरवायची. पपई वर्गात आणून दाखवता यायची. हे झाड आमच्या औरादकडच्या शिवारात तुरीच्या ओळीत लपवून लावलेलं सापडलं, असं अधूनमधून पेपरात यायचं. पण फुललेलं झाड मी एकदाही जवळून पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. मला हे फूल बघायचं होतं.

बी मला सन्मानपूर्वक मिळालं. नशामुक्तीच्या एका कार्यक्रमाला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मंडप, हार, माईकवाल्याचं हॅलो हॅलो, सगळं रीतसर. पकडलेल्या झाडांचा ढीग रचून ठेवला होता आणि पहिली जुडी आगीत टाकण्याचा मान माझा होता. नुकतीच अंगावर घातलेली शाल सावरत मी जुडी उचलली, फोटोग्राफरला मागचा बॅनर पूर्ण हवा होता म्हणून तशीच धरून उभा राहिलो, आणि मग टाकली. भाषणं पुष्कळ झाली. त्यात देश होता, संस्कृती होती, तरुण पिढी तर दर वाक्याला होती. झाडाविषयी एक शब्द नव्हता. घरी येऊन शाल झटकली, तर फरशीवर करड्या रंगाच्या, बारीक नक्षीच्या बिया पडल्या. त्या समारंभातून मला मिळालेली माहिती तेवढीच.

अंगणात लावायचा प्रश्न नव्हता. आमचं घर बिदरला मैलूर भागात, भिंतीला भिंत लागून. म्हणून घरातच उजेडाची बंद पेटी करायचं ठरवलं. पेटीसाठी नवीन काही आणावं लागलं नाही. बैठकीत माझं सत्काराचं कपाट होतं: काचेचं, खाली सनमायका, आत सन्मानचिन्हं. एकीकडे घड्याळ, दुसरीकडे देवीचं चित्र, मधे माझं चुकीचं लिहिलेलं आडनाव. ती सगळी काढून पोत्यात भरली. त्यातले सोनेरी आणि चंदेरी पत्रे उचकटून कपाटाच्या आतल्या बाजूंना चिकटवले, म्हणजे उजेड परतून झाडावर पडेल. 'विद्यार्थिप्रिय' असं कोरलेला पत्रा उजव्या अंगाला आला. इतक्या वर्षांत त्या पत्र्यांनी केलेलं हे पहिलं काम. वरच्या फळीला दुकानाच्या पाटीला लावतात तसल्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, आणि उजेड ठरल्या वेळी लागावा-विझावा म्हणून बोअरच्या मोटारीचा टायमर. काचेवर पडदा म्हणून शाली. शालींची आमच्याकडे टंचाई नव्हती.

बायको दारात उभी राहून बघत होती. ती भालकीची. ती आवाज चढवत नाही, फक्त कामाचं विचारते.

"अवो, हे काय करायलाव?"

"प्रयोग."

"कामून?"

"फूल बघायचंय."

"पेन्शन बंद झाली म्हंजे काय, ह्याचीच भाजी करून घालू का तुमाला?"

"एकदा फूल बघतो आन् उपटून टाकतो."

"कवा येणार फूल?"

"येईल की."

"येईल म्हंजे कवा? येळामावस्येपतोर वाट बघते. मग मी उपटते."

ती बोलते तसं करते. त्यामुळे मला मुदत मिळाली, आणि मुदतीसकट काळजीही.

झाड उगवलं. कपाटाच्या मापाने वाढलं, वरच्या फळीला टेकायला लागल्यावर मान वाकवून वाढलं. मी उजेडाचे तास कमी केले, अर्धा दिवस उजेड, अर्धा दिवस अंधार, अगदी धड्यात आहे तसं. फूल येईना. रोज सकाळी शाल बाजूला करून भिंगाने पेरं तपासायचो. पानं, पानं, आणि पानं. दिवाळी झाली, थंडी पडली, बायकोने आंबिलीचं मडकं घासून ठेवलं आणि येळामावस्या दारात आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या सीमेवरच्या तालुक्यांत त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव मांडायचे, पालेभाज्या आणि शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीची आंबील असा नैवेद्य, आणि आंबील शेतभर शिंपडायची. काळी आई त्या दिवशी गरोदर असते, तिचे डोहाळे पुरवायचे. बाजारपेठ सुनी पडते, पंक्चरवालासुद्धा भेटत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मेव्हणा भालकीहून आला. बायकोचा धाकटा भाऊ, निवृत्त हवालदार. दर वर्षी येतो, आमच्याच शेतात जेवतो. बैठकीत टेकल्यावर त्याने कान टवकारले.

"दाजी, फ्रीज हितं कामून ठेवला?"

पंख्याचा आवाज. मी काही बोलायच्या आत त्याने शाल उचलली, आणि लगेच सोडली, आत कुणी कपडे बदलत असल्यासारखी.

"दाजी."

"हं."

"हे काय हाय ते ठाव हाय का तुमाला?"

"शिकवलोय की मी."

"मी धरलोय. जलमभर धरलोय. आन् माझ्या बहिणीच्या घरात, टीव्हीच्या बाजूला?" तो उठून उभा राहिला. "आत्ता उपटायचं. माझ्या डोळ्यासमोर. अक्का, गोणी आण."

बायको पिठाच्या हाताने बाहेर आली. गेले कित्येक आठवडे तिची याच क्षणाकडे नजर होती, तेव्हा मी मनातून झाडाचा निरोप घेतला.

"उद्या काय हाय?" तिने भावाला विचारलं.

"काय हाय?"

"येळामावस्या हाय. उभ्या पिकाला हात लावायचा न्हाई आता. परवा बघू."

"अक्का, हे पीक हाय का?"

"मातीत हाय, उभं हाय. पीक न्हाई तर काय, खुर्ची हाय?"

हवालदाराने मोठमोठ्या वकिलांना कोर्टात तोंड दिलं होतं. इथे त्याने पुढची तारीख दिली. "परवा सकाळी," तो मला बोट दाखवून म्हणाला, आणि त्या कपाटाकडे पाठ करून बसला.

सकाळी शेतात निघायची घाई. डबे, मडकं, घोंगडी बाहेर ठेवून झाली. बायको कडुलिंबाची डहाळी आणि वाटीत आंबील घेऊन आत आली. मला वाटलं देवघराकडे चालली. तिने कपाटाचं दार उघडलं, शाल खांद्यावर टाकली, आणि ना मराठीत अर्थ लागतो ना कानडीत असे ते शिंपडतानाचे जुने शब्द पुटपुटत झाडाभोवती आंबील शिंपडली. शेतात शिंपडतात तशी, हात राखून नाही. खालून, बाजूने, वरून. वरून शिंपडलेली पट्ट्यांच्या जोडणीत गेली. चट् असा आवाज झाला, आंबट धुराचा वास आला आणि घराची लाईट गेली.

"डोहाळे पुरवले," मेव्हणा दारातून म्हणाला.

बायको वाटीकडे बघत राहिली. "कुणाला सोडून कसं शिंपडायचं," ती एवढंच म्हणाली.

पट्ट्या जळाल्या होत्या. दुकानं त्या दिवशी उघडणार नव्हती, दुसऱ्या दिवशीचा भरवसा नव्हता, आणि मेव्हण्याची मुदत तर डोक्यावरच होती. मी कुंडी उचलली आणि गच्चीवर नेली.

"दाजी, वर कुटं? दिसंल की लोकायला."

"दिसू दे."

सांगतो, जिना चढताना मला जरा बरं वाटलं. इतके दिवस मी माझ्याच घरात शालीखाली डोकं घालून भिंगातून बघत होतो. कुणाला भीत होतो ते आठवायलाही थांबावं लागलं. कुंडी भर उन्हात, कठड्याच्या मधोमध ठेवली. झाडाने आयुष्यात पहिल्यांदा मान सरळ केली, म्हणजे मला तसं वाटलं.

शेतात मेव्हण्याने भज्जी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोणी घेऊन जिन्यापाशी आला. मी वरच्या पायरीवर बसलो होतो.

"सरका दाजी."

"न्हाई सरकत."

"मग मला कळवावं लागंल."

"कळव. पंचनामा मीच लिहितो, माझं अक्षर बरं हाय. झाड कवा दिसलं? परवा सांजच्याला. मग तवाच कामून कळवलं न्हाई? येळामावस्या व्हती म्हणून. मधल्या काळात काय केलं? आरोपीच्या शेतात भज्जी खाल्ली. झाडाला आंबील कुणी घातली? सख्ख्या बहिणीनं. लिहू का?"

 त्याने गोणीची घडी करून पायरीवर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"तुमाला धरून न्हेलं तर अक्कानं काय करायचं, हे लिवलं का त्यात?" तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. मी ते लिहिलं नव्हतं. तरी मी उठलो नाही.

इतक्यात खालून हाका आल्या आणि गल्लीतले तिघं वर आले. गल्लीच्या नशामुक्ती समितीचे अध्यक्ष, कापडाचं दुकान असलेले, आणि त्यांच्यामागे त्यांचे दोन उपाध्यक्ष. थंडी होती, ऊन गच्चीवरच होतं, तेव्हा त्यांनी खुर्च्या ओढून कुंडीच्या बाजूलाच मांडल्या. बायको चहा घेऊन आली आणि जागीच थांबली. मेव्हण्याच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला.

"सर, रविवारी शपथेचा कार्यक्रम हाय," अध्यक्ष म्हणाले. "शपथ तुमीच द्यायची. तुमच्यावाणी जाणता माणूस न्हाई गल्लीत." मग त्यांचं लक्ष गेलं. "झेंडू लावलाव का सर?"

"झेंडू कुटला अण्णा," एक उपाध्यक्ष म्हणाले. "अंबाडी हाय ती. पान बघा की."

"व्हय व्हय, अंबाडी," मेव्हणा म्हणाला. "अक्काला लई आवडती."

"गांजा हाय," मी म्हणालो.

तिघंही असे हसले की अध्यक्षांच्या बशीत चहा सांडला. "सर रिटायर झाले पण गंमत काय जाईना," ते डोळे पुसत म्हणाले. दुसऱ्या उपाध्यक्षांनी आंबट चव बघायला पान तोडण्यासाठी हात पुढे केला. मेव्हण्याने तो वरच्या वर धरला.

"औषध मारलंय त्याच्यावर."

धरण्याची सवय जुनी होती, हात जरा जोरातच धरला गेला.

"शपथ मी देणार न्हाई," मी म्हणालो.

"कामून सर?"

"कशाची शपथ घ्यायलाव ते तुमाला समोर ठेवलं तरी ओळखू येईना. मी पोरायला काय सांगू?"

त्यांना हा विनय वाटला. "बरं, बोलू नका. नुसते येऊन बसा. शाल घालतो."

"शाली पुष्कळ झाल्या."

ते थोडे खट्टू होऊन गेले. रविवारी शपथ दुसऱ्या कुणीतरी दिली, स्पीकर आमच्या गच्चीवर स्वच्छ ऐकू येत होता. मेव्हणा समितीवाले येऊन गेले त्याच दिवशी दुपारच्या बसने भालकीला परतला होता. जाताना गोणी घेऊन गेला.

कपाटात जे घडत नव्हतं ते गच्चीवर आपोआप घडलं. थोड्याच दिवसांत पेरांतून बारीक हिरवट गोंड्यांचे झुपके लोंबायला लागले. मग माझ्या ध्यानात आलं. देवघरातला लाल झिरोचा बल्ब आमच्याकडे रात्रभर चालू असतो, आणि देवघर कपाटाच्या बरोबर समोर. शालींतून तो लाल उजेड झिरपत होता. रात्रीत तांबडा उजेड शिरला की फुलणं थांबतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो, दोनदा अधोरेखित करून. झाडाला रात्र हवी होती, आणि ती बायकोच्या आंबिलीने आणि मेव्हण्याच्या मुदतीने त्याला दिली; मी नुसती कुंडी उचलली.

नर निघालं. ज्यांना या झाडाचा व्यवहार कळतो ते नर दिसला की उपटून फेकतात, त्याचा त्यांना उपयोग नसतो. कायद्याला तो फरक नाही. मला तर मुळीच नव्हता. एका सकाळी पहिली कळी उघडली. पाकळ्यांसारखी पाच फिकट परिदलं, खाली झुलणारे पाच पुंकेसर. पुस्तकातल्या चित्रात ते वर बघत होते.

बायको कपडे वाळत घालायला आली होती. मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

माझ्या खिशातला फोन वाजला. मेव्हणा रोज सकाळी करायचा तसा. "दाजी, आलं का फूल? उपटलं का?" आवाज गच्चीभर ऐकू जात होता. मी दिलेला शब्द मला आठवत होता, आणि तिलाही आठवत असणार. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"अजून फुलायलंय ते," ती भावाला म्हणाली. "फुलून झाल्यावर बघू."

आणि फोन माझ्याकडे देऊन तिने पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.