कावीळ म्हणून सांगितलं

गल्लीत तिला तोफबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटायचं नाही. शिवायला टाकलेल्या कपड्याची बाही आखूड झाली अशी तक्रार घेऊन कुणी आलंच, तर मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची, "बाही आहे तेवढीच आहे. हात लांबलेत तुझे, दुसऱ्यांच्या घरात घालून घालून." तरीही बायका तिच्याकडेच यायच्या. शिवण चोख होती, आणि मशीनच्या खडखडाटावर चढणारा तो आवाज ऐकायला मिळणं हीसुद्धा एक करमणूक होती.

नवरा लवकर गेला. तेव्हापासून ती, मशीन आणि लेक. वरच्या मजल्यावर जाऊ राहायची. घरात वाटी पडली तरी कुणाच्या हातून पडली हे विचारायला तीच आधी खाली यायची. लेकीनं मात्र आईचे पांग फेडले होते. दुसऱ्या गावच्या विद्यापीठात ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तो शब्द उच्चारताना तोफबाईची जीभ अडखळायची, म्हणून गिऱ्हाइकांना ती सांगायची, "माझी लेक जंतू पाळते." सांगताना मान ताठ व्हायची.

सुट्टीत लेक घरी आली आणि तोफबाईनं तिच्या नव्या कपड्यासाठी टेप लावली. माप घेता घेता तिचे हात थांबले.

"जेवतेस का नुसता वास घेतेस? कमर कुठं गेली?"

"अभ्यास असतो गं." लेक बोलता बोलता खोकायला लागली. खोकली ती भिंत धरून.

"हे कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने. लॅबमधल्या केमिकलची अ‍ॅलर्जी आहे. आमच्याकडे सगळेच खोकतात, आई. औषधाची एक बाटली हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर फिरते."

तोफबाईनं टेप गळ्यात तशीच ठेवून तिला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो झाला, थुंकी तपासायला गेली, आणि निकाल आला. फुप्फुसाचा टीबी. औषध लगेच सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "काय शिकतेस?" लेकीनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं पेन क्षणभर थांबलं, आणि ते तोफबाईला चपराकीसारखं लागलं.

रस्त्यात तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "जंतू पाळतेस ना? ह्याच्यावर पेपरात लिहिलंस ना?"

"लिहिलंय."

"मग? स्वतःच्या छातीत बसला तेव्हा ओळखता नाही आला?"

"तो स्लाइडवर असतो, आई. मला वाटायचं... हा दाटीवाटीनं राहणाऱ्यांना होतो. आपल्याला नाही."

"आणि तू कुठं राहतेस? राजवाड्यात? एका खोलीत चौघी झोपता! पुस्तकं काय उशाला घेता का?"

घराशी आल्यावर लेक हळूच म्हणाली, "खोलीतल्या मुलींना कळवते. त्यांनी तपासून घ्यायला हवं. डॉक्टर म्हणाल्यात."

"खबरदार!" तोफबाईनं जिन्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आला की समजावं, ती खरंच घाबरलीय. "टीबीचं नाव काढलंस तर उद्या तुझ्या काकूच्या तोंडून सगळ्या गावात जाईल. उद्या लग्न जमवायचंय, नोकरी धरायचीय. औषधं घे, बरी हो, विषय संपला."

"मग मी परत का आले नाही असं त्यांनी विचारलं तर?"

"कावीळ म्हणायचं. कावीळ कुणालाही होते. तिला कुणी नावं ठेवत नाही."

लेकीनं वाद घातला, रडली, जेवली नाही. शेवटी खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला तो तोफबाईनंच उचलला. "हो गं बाई, कावीळ. तुमच्या त्या हॉस्टेलच्या पाण्यातून झाली असणार." खोटं बोलताना तिला शिवणीत टाका चुकल्याइतकंही वाईट वाटलं नाही. लेकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती गोळ्या वेळेवर घेत राहिली, आईशी मात्र कामापुरतंच बोलत राहिली.

बरेच आठवडे गेले. लेकीचा खोकला बसला, अंगाला मांस लागायला लागलं. तिची राहिलेली पुस्तकं आणि पांघरूण आणायला तोफबाई एकटीच हॉस्टेलवर गेली.

मजल्यावर पाय ठेवला तर दारादारात किटल्या. कुणी पाणी उकळतंय, कुणी गाळतंय, कुणी गार करत ठेवलंय. पाण्याचा फिल्टर कोरा करकरीत. लेकीच्या खोलीत मात्र कोंदट अंधार होता. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावून वर कागद डकवले होते. गादीवर गुडघे पोटाशी घेऊन एक मुलगी बसली होती. केस सदा तोंडावर, म्हणून सगळ्या तिला झिपरी म्हणायच्या. लेकीची जिवलग, एकाच वर्गातली. फोन तिनंच केला होता.

"या काकू! पाणी देऊ? निर्धास्त प्या, उकळलेलंय. तुमच्या फोननंतर सगळा मजला उकळूनच पितो. आम्ही धरणं धरून फिल्टर बदलून घेतला, माहितीये?" एवढं बोलून ती खोकायला लागली. खोकता खोकता हसली. "तुमच्या लेकीची गादी चालवतेय मी. रस्त्याच्या धुळीचा खोकला. म्हणून तर खिडकी बंद केलीय."

तोफबाईनं पुढं आलेला पेला बाजूला सारला.

"किती दिवस खोकतेस?"

"असेल महिना. परीक्षा झाली की दाखवीन."

"महिना? आणि पाणी उकळत बसलात? डोळे फुटलेत तुमचे? विद्यापीठात शिकता की गवत उपटता? एक पोरगी खोकून खोकून काडी झाली, दुसरी तिच्या शेजारी बसून खोकतेय, आणि एकीलाही शंका येऊ नये?"

"पण काकू," झिपरीनं केस मागं सारले, "तिला तर कावीळ होती ना?"

तोफबाईनं पिशवीतली कात्री काढली, खिडकीवरचे कागद टराटरा कापले आणि खिडकी सताड उघडली. पाठमोरीच म्हणाली, "टीबी झालाय तिला. फुप्फुसाचा."

"कधी कळलं?"

"सुट्टीतच. ती सांगणार होती तुम्हाला. मी अडवलं."

तोफबाई वळली. झिपरीचं हसू कुणी ओरबाडून काढावं तसं गेलं होतं.

"मध्ये चार दिवस घरी गेले होते मी," ती म्हणाली. "दादाचं बाळ मांडीवर घेऊन बसायचे. दिवसभर. ते तर रांगतसुद्धा नाही अजून." आणि मग ती ओरडली, "तुम्हाला माहीत होतं! आम्हाला पाणी उकळायला लावलंत, काकू!"

आरडाओरडा ऐकून रेक्टरबाई आल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"हे बघा, हळू बोला. परीक्षा तोंडावर आलीय, पोरी पळत सुटतील. कावीळच राहू दे ना. हिला मी गुपचूप घरी पाठवते, औषधं घेईल, बरी होईल, विषय संपला."

विषय संपला. आपले शब्द परक्या बाईच्या तोंडून ऐकून तोफबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठल्या घरी पाठवता? त्या बाळाच्या? खोटं मी बोलले, बाई. माझ्या खोट्याला तुम्ही कशाला अस्तर लावता?"

तिनं दार उघडलं आणि मजल्यावर उभी राहून गल्लीतला आवाज काढला. "ऐका गं! माझ्या पोरीला कावीळ नव्हती! टीबी आहे! मी लपवलं! जिला जिला खोकला असेल तिनं आज थुंकी तपासायला जायचं, आणि ह्या खोलीत राहणाऱ्या सगळ्यांनी जायचंच!"

दारं उघडली. कुणी रुमाल तोंडाला लावला, कुणी मागं सरलं. एकीनं घाबरून विचारलं, "मग आता ताटं-पेले वेगळे करायचे का?"

"ताटांचं काय घेऊन बसलीस!" झिपरी खोलीतून बाहेर येत कडाडली. "हवेतून जातो तो! तुला पाठ आहे, मला पाठ आहे, आणि आपण महिनाभर खिडक्या चिकटवून बसलोय!"

ओढणी तोंडाभोवती घट्ट गुंडाळून ती जिन्याकडे निघाली. तोफबाई मागं गेली तशी ती गर्रकन वळली. "तुम्ही येऊ नका."

जिन्याच्या वळणावर थांबून तिनं आधी भावाला फोन लावला. "दादा, बाळाला डॉक्टरांकडे ने. आज. नाही, नंतर सांगते, आधी ने."

तोफबाईनं वरच्या पायरीवरून लेकीला फोन केला. "सांगितलं मी."

"कुणाला?"

"सगळ्यांना. झिपरी खोकतेय."

लेक म्हणाली, "तिला फोन दे."

तोफबाईनं हात लांब करून फोन पुढं केला. झिपरीनं तो हिसकावूनच घेतला. "आईनं अडवलं म्हणून गप्प बसलीस? तुझा फोन तुझ्याकडेच होता ना इतके दिवस? सूक्ष्मजीवशास्त्र शिकतेस तू! मी तुझ्यासाठी फिल्टरवरून भांडले, मूर्ख!" तिनं फोन पायरीवर ठेवला आणि खाली उतरू लागली.

तोफबाईनं तो उचलून कानाला लावला.

"बरोबर बोलतेय ती," लेक रडत म्हणाली. "तुलाही आणि मलाही."

तोफबाईनं फोन बंद केला, आणि नको म्हणणाऱ्या त्या पोरीच्या मागं, थोडं अंतर ठेवून, दवाखान्याच्या रस्त्याला लागली. झिपरीनं एकदा मागं वळून बघितलं, शिवी दिल्यासारखी मान उडवली आणि चालत राहिली. तोफबाईही चालत राहिली.