वस्तऱ्याखालचा पाठिंबा

सलूनवाल्याला सगळं गाव ‘पुढारी’ म्हणायचं आणि हा भोळा त्याला मान समजायचा. गावाबाहेर परक्या देशाच्या फौजेने तळ ठोकला होता. आली होती अर्थात मदतीला. असली मदत नेमकी गरीब देशांच्याच नशिबी का येते, हे विचारणारा गावात हा एकटा. तळावरून रोज विमानं उडायची, सरहद्दीपलीकडे शांतता टाकायची आणि हलकी होऊन परत यायची. पलीकडे त्याची थोरली बहीण दिलेली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

तळाची मुदत संपत आली होती. वाढवून द्यायची की नाही, ते गावसभेत हात वर करून ठरणार होतं. पुढाऱ्याने कंबर कसली. मोर्चे काढायला त्याच्याकडे माणसं नव्हती, पण खुर्ची होती. गिऱ्हाईक बसलं, गालाला फेस लागला, मान मागे गेली, वस्तरा गळ्याशी आला, की हा विचारी, “परक्यांची फौज इथून गेलीच पाहिजे. बरोबर ना?”

“हं,” गिऱ्हाईक म्हणे.

गळ्याशी वस्तरा असताना माणूस दुसरं काय म्हणणार? पण हयातभर दाढ्या करून याच्या डोक्यात हा प्रकाश काही पडला नाही. तळाला पाव पुरवणारा बेकरीवाला ‘हं’ म्हणाला. साहेबांचे कपडे धुणारा लॉन्ड्रीवाला ‘हं’ म्हणाला. वरचा मजला तळावरच्या अधिकाऱ्याला भाड्याने दिलेले हेडमास्तर तर दोनदा ‘हं’ म्हणाले, कारण त्यांची हनुवटी जरा अवघड होती.

“अहो, एकदा दाढी झाल्यावर विचारून बघा की,” बायको म्हणाली.

“तुला राजकारणातलं काय कळतंय!” पुढारी म्हणाले.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. “शेजारपाजारचे सगळे निघालेत रे. मीही सामान बांधलंय.”

“ताई, उगाच घर सोडून हाल करून घेऊ नकोस. अख्खं गाव माझ्या बाजूने आहे. सभा झाली की या लोकांना गाशा गुंडाळावाच लागेल. सोड ते सामान!”

तिने सोडलं. धाकट्या भावावर तिचा भारी विश्वास.

सभेला झाडून सगळे हजर होते. पुढारी पहिल्या रांगेत, छाती काढून. सरपंचांनी विचारलं, “मुदत वाढवायला कोणाकोणाची संमती?” आणि हातांचं रान उठलं. हेडमास्तर तर दिसावं म्हणून उभेच राहिले. सकाळीच याने घोटून दाढी केलेले ते सगळे गाल दिव्याखाली चकाकत होते. विरोधात दोनच हात, त्याचा आणि बायकोचा.

“अहो, तुम्ही तर हो म्हणाला होतात!” तो ओरडला.

“अरे पुढारी, गळ्याशी वस्तरा होता!” बेकरीवाला म्हणाला. “तेव्हा मी माझी बेकरीसुद्धा तुझ्या नावावर केली असती.” सभा खो खो हसली. संमतीइतकंच हसणंही एकमुखी होतं.

तो तसाच बाहेर आला आणि त्याने बहिणीला फोन लावला.

“झाली का सभा?” तिचा आवाज अगदी खुशीत होता. “मी भांडीसुद्धा परत मांडली बघ.”

“ताई, निघ तिथून. मिळेल त्या गाडीने निघ.”

“आता कुठली गाडी? शेवटची कालच गेली. तू म्हणालास म्हणून मी थांबले ना.”

गावावर चिडावं एवढाही जीव त्याच्यात उरला नव्हता, राग येत होता तो फक्त स्वतःचा. “चुकलं माझं, ताई,” तो रडत म्हणाला. तेवढ्यात डोक्यावरून घरघरत एक विमान सरहद्दीच्या दिशेने गेलं.

“हा आवाज तुझ्याकडचा की माझ्याकडचा रे?” तिने विचारलं.

“अजून माझ्याकडचाच आहे,” तो म्हणाला.