टाकीखालचं आग्या मोहोळ

आमच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलं ते दिवाळीनंतर. पंधरा दिवसांत ते सुपाएवढं झालं. आमची कॉलनी जळगावच्या टोकाला, नशिराबादच्या बाजूला. पलीकडे अजून शेतं आहेत आणि त्या दिवसांत तूर फुलावर असते. माशांना जागा सोयीची वाटली असणार. कॉलनीला अर्थातच वाटली नाही.

पहिल्याच रविवारी चार जण दारात आले. "टेंभा लावून जाळून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे."

मी सरळ नाही म्हटलं. मी खाजगी दवाखान्यात नर्स आहे. माशांनी सुजवलेले चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यातले निम्मे असेच टेंभा घेऊन निघालेले शूर लोक होते. शिवाय माझं माहेर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझे वडील कड्यावरची मोहोळं उतरवायचे. मी लहानपणी खाली उभी राहून त्यांच्या कमरेचा दोर बघत असे. ते म्हणायचे, "माशी आपल्याला शोधत येत नाही. आपण तिला धूर देतो, धक्का देतो, तेव्हा येते."

"उन्हं तापली की मोहोळ आपणहून उठून जाईल," मी त्या चौघांना सांगितलं. "तोवर गच्चीवर कुणी जायचं नाही आणि घराखाली धूर करायचा नाही. जबाबदारी माझी."

दोन महिने काही झालं नाही. मी रोज सकाळी ड्युटीला निघताना वर बघायची. माशांचा तो काळा पडदा जागच्या जागी हलत असायचा. कॉलनीलाही सवय झाली. मग शेजारच्या आबांच्या मुलीचा साखरपुडा ठरला.

आबा मूळचे पाचोऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. ऑफिसात आयुष्यभर शुद्ध बोलले असतील, पण घरी खान्देशीच. साखरपुड्याचं जेवण म्हणजे भरीत-पुरी, यात त्यांना चर्चाच नको होती. दोन्ही घरांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला, वांग्यांच्या गोण्या आल्या आणि ट्रॉलीभर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आमच्या भिंतीला लागून टाकल्या गेल्या. आचारी वांगी त्यांच्यावरच भाजणार होता. मी वर टाकीकडे बघितलं आणि तशीच आबांकडे गेले.

"आबा, इथे आग नको. वर मोहोळ आहे."

"बाई, धूर नही ते भरीत कसानं?" आबा हसले. "माशीच शे, वाघ नही."

"वाघ एकटा येतो, आबा. या हजारोंनी येतात."

शेवटी पऱ्हाट्या प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला हलवल्या. त्या सकाळी वारा आमच्या घराकडून शेतांकडे होता, धूर तिकडेच जात होता. मी समाधानाने साडी बदलायला आत गेले. तेवढंच चुकलं माझं. वाऱ्याचा काय भरवसा, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

अकराच्या सुमाराला मी मांडवात आले तेव्हा धुराची एक जाड पट्टी वळून आमच्या टाकीवर गेली होती. वर मोहोळाच्या अंगावरून लाट सरकल्यासारखी दिसली. एक, दोन, तीन. आवाज बदलला. हा आवाज मी कड्याखाली ऐकलेला होता. या आवाजानंतर फार वेळ मिळत नाही.

"बठ्ठा मझार चला!" मी ओरडले. मी मांडवात खान्देशीत ओरडेन असं कुणाला वाटलं नव्हतं, पण त्यामुळेच सगळ्यांनी वळून पाहिलं. "सगळे घरात चला. हात हलवू नका, डोक्यावर पदर घ्या."

चाळीस-पन्नास माणसं आबांच्या घरात शिरली. पहिल्या माशा आमच्याबरोबरच आत आल्या. मी दार लावून घेतलं, दिवे बंद करायला लावले आणि एका खिडकीचा पडदा तेवढा उघडा ठेवला. माशी अंधारात थांबत नाही, उजेडाकडे जाते. पाहता पाहता आतल्या सगळ्या माशा त्या काचेवर जाऊन बसल्या. बाहेर मांडवाचं कापड पाऊस पडल्यासारखं वाजत होतं.

"तू तर म्हने माशी काही करत नही!" आबा अंधारातून माझ्यावर तडकले.

"मी म्हटलं होतं, धूर दिला नाही तर काही करत नाही," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवायला वेळही नव्हता, कारण मागून कुणीतरी म्हणालं, "अक्काला बघा."

अक्का म्हणजे आबांची धाकटी बहीण, धुळ्याची. तिला चारच माशा चावल्या होत्या. इतरांना त्याहून जास्त चावल्या होत्या आणि ते बसून कुरकुरत होते. पण अक्काच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते, ओठ सुजले होते आणि ती मला म्हणाली, "जीभ जड लागस."

मी नखाने तिचे काटे खरवडून काढले. चिमटीत धरून ओढला तर काटा उरलंसुरलं विषही आत सोडतो. पण आता प्रश्न काट्यांचा नव्हता. "हिला लगेच इंजेक्शन लागेल. गाडी कुणाची मागच्या बाजूला आहे?"

कोपऱ्यातून नवऱ्यामुलाचे वडील उठले. सकाळपासून त्यांना मानाच्या खुर्चीवरून कुणी हलू दिलं नव्हतं. "माझी आहे," ते म्हणाले आणि खिशातून किल्ली काढली.

अक्काला आम्ही दोन चादरींत गुंडाळलं. मी एक डोक्यावरून घेतली. मागच्या दारातून गाडीपर्यंत वीस पावलं असतील. मी तिला हळू चालवलं. मला पाठीवर आणि मनगटावर चावल्या, मी मोजल्या नाहीत. व्याह्यांनी काचा वर ठेवून गाडी सरळ आमच्या दवाखान्यात नेली. वाटेत मी फोन करून डॉक्टरांना सांगितलं होतं, ते दारातच इंजेक्शन घेऊन उभे होते. दहा मिनिटांत अक्काचा श्वास मोकळा झाला. अर्ध्या तासाने तिने विचारलं, "भरीतनं काय जयं?"

तेव्हा मला आचाऱ्याची आठवण झाली. तो बाहेरच राहिला होता.

अक्काला देखरेखीखाली ठेवून मी परत आले तोवर माशा शांत होऊन मोहोळावर बसल्या होत्या. आचारी आपल्या आगीपाशी उभा राहून वांगी सोलत होता. डोळे लालभडक, पण अंगावर तीनच डंख. सगळे पळाले तेव्हा त्याने उलट आगीवर पाणी मारून ओल्या केलेल्या पऱ्हाट्या टाकल्या होत्या आणि जाड धुरातच उभा राहिला होता. दाट धुरात माशी शिरत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"घरात का नाही आलात?" मी विचारलं.

"वांगी जळी जातात ना," तो म्हणाला.

साखरपुडा तीन वाजता आबांच्या हॉलमध्ये झाला. अंगठी घालायच्या आधी मुलीच्या आईने अक्काला व्हिडिओ कॉल लावला. भरीत झकास झालं होतं.

संध्याकाळी तेच चार जण पुन्हा टेंभा आणि रॉकेल घेऊन आले. आता तर त्यांच्या बाजूने बोलायला भरपूर होतं. मी जिन्याच्या दारात उभी राहिले. मला पाहुण्यांपुढे वाद नको होता, पण मी हलणार नव्हते. तेवढ्यात आबा आले. त्यांचा कान सुजून लाल झाला होता.

"ती म्हनस तसं करूत," ते म्हणाले. "चूक मनी व्हती. पऱ्हाट्या मी आन्यात." मग त्या चौघांना त्यांनी भरीत खायला बसवलं.

होळीच्या आठवड्यात एका सकाळी मोहोळ रिकामं दिसलं. पिवळट पोळं तेवढं लोंबत होतं. मी गच्चीवर जाऊन ते खरवडून काढलं आणि टाकीखालची जागा चुन्याने रंगवली.

त्याच महिन्यात धुळ्याहून अक्काचा फोन आला. कूलर बाहेर काढताना आतल्या गवतात गांधीलमाशीने घर केलेलं दिसलं होतं. डॉक्टरांनी तिला कुठल्याही माशीपासून जपायला बजावलं होतं, म्हणून ती दार लावून बसली होती. सुनेला हात लावू द्यायची तिची तयारी नव्हती.

"तूच ये," ती म्हणाली.

मी सुटीच्या दिवशी पहाटेची बस धरली. उन्हं वर यायच्या आत माशी सुस्त असते आणि पोळं नवं असलं तर त्यावर एखाददुसरीच असते. मी अंगभर ओढणी गुंडाळली, पोळ्यावर खालून मोठी प्लास्टिकची पिशवी सरकवली आणि वरून लांब उलथन्याने पोळ्याचा देठ तोडला. पोळं, माशी, सगळं पिशवीत पडलं. पाच मिनिटं लागली असतील. अक्का काचेआडून बघत होती.

मग तिने दार उघडलं आणि सुनेला हाक मारली, "चहा ठेव. आनि हिनाकडथीन शिकी घे, मी कितला दिन दार लाई बसू?"

सुनेने गॅस पेटवला आणि उलथनं कसं धरायचं ते मला विचारलं.