अप्पा आणि त्यांचा हायड्रोजन

हायड्रोजनवर बोटी चालणार, ही बातमी आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी आणली. तीही अशा थाटात, की जणू गावाहून पाहुणा येतोय आणि त्याची गादी घालायची आहे. माझगावला बोटदुरुस्तीत जन्म गेलेला माणूस, पण नव्या गोष्टीचं भारी अप्रूप.

"रुमाल टाकून ठेवायचा," हे त्यांचं तत्त्वज्ञान. नाटक असो की नोकरी, गर्दी व्हायच्या आत जागा धरायची. म्हणून माझ्या नवऱ्याला, नितीनला, बोटींच्या डिझेल इंजिनांवरची चालू नोकरी सोडायला लावून त्यांनी हायड्रोजनच्या कोर्सला बसवलं. मी विरोध केला, तर म्हणाले, "सूनबाई, डिझेल आता म्हाताऱ्यांचो धंदो!"

कोर्स झाला. मुलाखतीत एकच प्रश्न, अनुभव आहे का? अहो, प्रकल्पच उभे नाहीत, तर अनुभव काय आकाशातून पडणार? जुन्या वर्कशॉपनं तोवर दुसरा माणूस घेतलेला. दादरच्या ऑफिसातल्या माझ्या पगारावर घर चाललेलं, आणि अप्पा गॅलरीत बसून शेजारच्या मुलांनाही तोच कोर्स सुचवतायत! माझं डोकं फिरायचं. पण मी दमून आले की चहाचा कप हातात द्यायचे तेही अप्पाच. मग भांडायचं कसं?

शेवटी काम आलं, ते गुजरातेत, कंत्राटी. नितीन निघाला, तर अप्पा आडवे आले. "हायड्रोजन हंयसरच येतलो रे! मुंबय सोडून खंय जातलो तो? वायच दम धर." नितीननं दम धरला आणि ती जागा गेली. मी अप्पांशी अबोला धरला.

पुन्हा बोलावणं आलं, आधीपेक्षा कमी पगाराचं. या वेळी अप्पांनी स्वतः त्याची बॅग भरली. "जा बाबा. माझा काय आयकू नको," एवढंच म्हणाले.

नितीन गेला आणि थोड्याच दिवसांत अप्पा गेले. कंत्राटदारानं रजा दिली ती अग्नी देण्यापुरती. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला चुलतदिरानं. कावळा काही शिवेना. कोणी म्हणालं चहा ठेवा, कोणी म्हणालं बिडी. मग मोठ्या चुलतजाऊबाई मला म्हणाल्या, "तू सांग त्यांना. नितीनला इथेच काम मिळेल म्हणून शब्द दे."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी हात जोडले, पण मला तो शब्द देववेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.