'भरतकाम वर्गा'चं नाव बदललं तेव्हा

गाडी डांबरी रस्त्याला लागली, नेटवर्क आलं आणि माझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. उघडून पाहते तर माझा 'भरतकाम वर्ग' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप गायब. त्याच्या जागी 'सिकलसेल योद्धा', वर रुग्णालयाचा लोगो, आणि खाली ओळीनं अनोळखी लोक लिंकवरून आत येत होते. सरपंच, पत्रकार, एक औषध दुकानदारसुद्धा. त्या गर्दीत एक मेसेज फक्त माझ्यासाठी होता, आमगावकडच्या रेखाबाईंचा. 'मॅडम मी ग्रुपातून बाहेर पडली. आता फोन नका करू.' मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी हाण.

मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात सिकलसेल समुपदेशक होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन अंश मिळतात. दोन्ही सदोष असले तर मूल रुग्ण होतं, आणि दुखायला लागलं की ते गडबडा लोळतं. एकच सदोष असला तर तो माणूस नुसता वाहक. वाहक ठणठणीत असतो, दिवसभर वाकून धानाची रोवणी करतो. दोन वाहकांनी लग्न केलं तर मूल रुग्ण होण्याची भीती असते. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर ती भीती नाही. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं. आमच्या साहेबांना ते माझ्यापेक्षा जास्त समजत होतं, कारण ते डॉक्टर होते. माझा राग तिथूनच सुरू होतो.

ग्रुप बायकांचा होता. कुणाचं मूल रुग्ण, कुणी स्वतः वाहक. पण सोयरीक जुळवताना 'रुग्ण' आणि 'वाहक' यातला फरक ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून आम्ही ठरवून भलतंच नाव ठेवलं होतं. सासूनं फोन हातात घेतला तरी तिला भरतकाम दिसावं. मी ओळखते तिलाच आत घ्यायचं, रिपोर्टचा फोटो टाकायचा नाही, हे नियम. नाव खोटं वाटू नये म्हणून काहीजणी खरंच भरतकामाचे फोटो टाकायच्या. एकीचा मोर अगदी बदकासारखा झाला होता, तर बाकीच्यांनी तिला बदकवाली करून टाकलं. त्याच गप्पांत कुणी हळूच विचारायची, पोरीची गोळी उपाशीपोटी चालते का.

ग्रुप रुग्णालयाच्या मोबाइलवरून काढलेला होता, कारण तसा आदेशच होता; माझा स्वतःचा नंबरही त्यात ॲडमिन होता. त्या दिवशी मी एका गावात रक्ततपासणीच्या कॅम्पला गेले होते आणि मोबाइल ऑफिसात होता. साहेबांना कसलातरी रिपोर्ट पाठवायचा होता, त्यांनी मोबाइल मागवला. उघडला तर त्यात मोर आणि बदकं. मग त्यांनी ग्रुपला 'प्रॉपर' नाव दिलं, लिंक लोकप्रतिनिधींच्या ग्रुपवर टाकली, आणि रुग्णालयाच्या ग्रुपला रुग्णालयच ॲडमिन हवं म्हणून मला ॲडमिनपदावरून काढलं. त्यामुळे गाडीत बसून मला नुसतं बघता येत होतं. हात चोळत बसणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर कळलं.

केबिनमध्ये शिरले तर चहा चालला होता. साहेबांसमोर आमगावकडचे एक उपसरपंच बसले होते. मी त्यांना ओळखत होते, त्यांना मात्र मी कोण ते माहीत नव्हतं.

"आइए मॅडम," साहेब हसत म्हणाले. "सरकारी फोनवर कशीदाकारी चालू होती तुमची. मी जरा अवेअरनेसचं करून दिलं."

मी म्हटलं, "सर, त्या ग्रुपमध्ये असणं हीच त्या बायकांची गुप्त माहिती आहे."

ते म्हणाले, त्यांनी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. ते खरंच होतं. पण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह असला तर नावासकट दिसतात. उपसरपंचही लिंकवरून आत आले होते, आणि त्यांच्या फोनमध्ये केशोरीच्या सुशीलाबाईंचा नंबर होता. सुशीलाबाईंची धाकटी मुलगी रुग्ण आणि थोरली मनीषा वाहक. मनीषाचं लग्न उपसरपंचांच्या मुलाशी ठरलं होतं.

मनीषा आणि तो मुलगा दोघंही मागेच माझ्यासमोर बसून गेले होते. मुलाची तपासणी केली, तो निर्दोष निघाला. मी कागदावर काढून दाखवलं, तुमचं मूल रुग्ण होणार नाही. दोघं हसत बाहेर पडले होते.

"सांगा मॅडम," उपसरपंच म्हणाले, "पोरगी रोगी हाय का नाई? हे लोकं आमच्यापासून काऊन लपवून राहिले?"

मी सांगितलं, कुणाचीही माहिती मी देऊ शकत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे, एवढं मात्र समजावू शकते. साहेब मध्येच म्हणाले, "अरे बता दीजिए, मॅडम. जबाबदार माणूस आहे." हे एक डॉक्टर बोलत होता.

"आमच्या घरात असा रोग सात पिढ्यात नाई," उपसरपंच म्हणाले.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. रेखाबाई यांचीच बायको. एका शिबिरात ती वाहक निघाली होती, आणि घरी कळू नये म्हणून माझ्यापुढे हात जोडून गेली होती. म्हणजे मनीषाचं आणि त्या मुलाचं जे होणार होतं, तेच या माणसाच्या घरात पंचवीसेक वर्षं सुखानं चाललं होतं, आणि त्यातून झालेला धडधाकट मुलगा नवरदेव होऊन बसला होता. एका वाक्यात या माणसाचं तोंड बंद झालं असतं. ते वाक्य मी गिळलं.

तेवढ्यात हा माणूस आणखी कोणकोण आहे ते बघायला फोनवर बोट फिरवू लागला. सदस्यांच्या यादीच्या अगदी खाली, ग्रुप सोडून गेलेल्यांची नावं बघायची सोय असते; रेखाबाईंचं नाव तिथेच होतं. त्याचं बोट खाली खाली चाललं होतं. मी टेबलावरचा सरकारी मोबाइल उचलला, त्याला ग्रुपमधून काढलं, लिंक बंद केली आणि बाकीच्या उपऱ्यांना एकेक करून हाकललं. साहेब उभे राहून ओरडत होते. मी मान वर केली नाही.

लग्न मोडलं. मुलगा बापापुढे अवाक्षर बोलला नाही. मनीषाचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं की मॅडम, रिपोर्ट तर आम्ही दोघांनी मिळून पाहिला होता ना. मी हो म्हटलं.

मला मेमो मिळाला. लोकप्रतिनिधीशी असभ्य वर्तन. मी खुलासा दिला, एका महिलेची गोपनीय माहिती उघड होणार होती म्हणून सदस्यास काढले. साहेबांनी शेरा मारला, कोणत्या महिलेची, नाव लिहा. मी लिहिलं नाही. खुलासा असमाधानकारक ठरला.

काही दिवसांनी ओपीडीत एक बाई तोंडाला स्कार्फ बांधून माझ्यासमोर येऊन बसली. रेखाबाई.

"मॅडम, तुमी माजं नाव काऊन नाई सांगतलं त्यायले? सांगतलं असतं तर पोराचं लगन नसतं मोडलं."

मला संताप आला. तिचा, माझा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"मले त्याच घरी राहाचं हाय," ती म्हणाली, आणि स्कार्फ नीट करून उठली.

त्यानंतर मी ग्रुप बंद केला. मेमो अजून माझ्या फाइलला आहे, आणि साहेबांना निरोप देताना त्यांच्या डिजिटल उपक्रमाचं कौतुक झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता एकेकीला फोन करते, वेळ जास्त जातो. नवीन समुपदेशक रुजू झाल्या की त्या विचारतात, मॅडम, सोपं पडेल, एखादा ग्रुप काढायचा का. मी सांगते, काढा, पण आधी बघून घ्या की फोन कोणाचा आहे, आणि तुम्ही कॅम्पला गेल्यावर तो कोण उघडणार आहे.